लॉगबुकात ज्यांची सही नसते

इंटर्नशिप संपली तेव्हा माझ्या कार्डावर सगळ्या विभागप्रमुखांच्या सह्या होत्या. मेडिसिन, सर्जरी, लेबर रूम, लहान मुलांचा वॉर्ड, ग्रामीण पोस्टिंग, काही राहिलं नव्हतं. त्यातल्या दोन-तीन सरांनी वर्षभरात मला हाताला धरून काही दाखवलं असं झालं नाही. त्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यामागे केवढे तरी पेशंट होते. पण ज्यांनी खरोखर हाताला धरून दाखवलं, त्यांची सही घ्यायला कार्डावर जागाच नव्हती.

कॅज्युअल्टीतली माझी पहिली रात्र. बांधकामावरून पडलेला एक मजूर टेम्पोतून आणला होता. शुद्धीवर होता, मान दुखतेय म्हणत होता. मी घाईघाईनं त्याच्या खांद्याखाली हात घालून त्याला ट्रॉलीवर ओढायला गेले. तेवढ्यात वॉर्डातल्या मामांनी माझं मनगट धरलं. ‘मॅडम, थांबा. मानेला कोण धरणार ते आधी ठरवा.’ ते स्वतः डोक्याशी उभे राहिले, दोन्ही हातांत डोकं आणि मान घट्ट धरली, आम्हा तिघांना एका कडेला रांगेनं उभं केलं. कोणी खांदा धरायचा, कोणी कंबर, कोणी पाय, ते सांगितलं. मग त्यांनी ‘एक, दोन, तीन’ म्हटलं आणि तो माणूस लाकडाच्या ओंडक्यासारखा, कुठेही पीळ न पडता, एका रेषेत वळला. याला लॉग रोल म्हणतात. परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती आणि मला मार्कही मिळाले होते. मणका मोडलेला असेल तर चुकीच्या एका हिसक्यानं माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो, हेही त्या टिपेत होतं. ते माझ्या हातात उतरवलं मामांनी.

आता गेली वीस-बावीस वर्षं मी बिबवेवाडीत दवाखाना चालवते आहे. दरवर्षी काही शिकाऊ डॉक्टर थोड्या आठवड्यांसाठी माझ्याकडे येतात. पुण्यात डॉक्टर घडवणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. ससूनला जोडलेलं बी. जे. आहे, लष्कराचं ए.एफ.एम.सी. आहे, महापालिकेचं नवं महाविद्यालय आहे, शिवाय शहराच्या चारी बाजूंना खासगी महाविद्यालयं आहेत. डॉक्टर कुठेही शिकलेला असो, त्याच्या शिक्षणातला मोठा भाग वॉर्डबॉय, आया, ड्रेसर, सफाई कामगार आणि केसपेपरच्या खिडकीवरची माणसं करून घेतात. त्यांचं हे शिकवणं लेखी मान्य झालं पाहिजे, एवढं माझं म्हणणं आहे. मान्य म्हणजे सत्काराची शाल नव्हे. त्यासाठी ड्यूटीतला वेळ मिळावा, त्यांचंही प्रशिक्षण व्हावं, लस मिळावी, छातीवर नावाची पट्टी असावी, आणि शिकाऊ डॉक्टर कसा वागला हे सांगण्याचा अधिकार असावा.

हे काही नवं मागणं नाही. २०१९ पासून एमबीबीएसला जो क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला, त्यात भारतीय डॉक्टरनं निभवायच्या पाच भूमिका दिल्या आहेत. त्यातली एक आहे आरोग्यसेवेच्या टीमचा नेता आणि सदस्य ही. यातला ‘नेता’ आपण लगेच उचलला. ‘सदस्य’ हा शब्द मात्र वाचायचा राहून गेला.

सकाळचा राउंड आठवून पाहा. पुढे सर, मागे लेक्चरर, रेसिडेंट, इंटर्न, कडेला फाइल घेऊन सिस्टर. चर्चा सरांपासून निघते आणि फार तर सिस्टरपर्यंत पोचते. दोन खाटा पलीकडे मावशी चादर बदलत असतात. याच खाटेवरचे आजोबा रात्री दोनदा दचकून उठले, खिडकीशी जाऊन बसले, आडवं झालं की दम लागतो म्हणाले, हे मावशींनी पाहिलेलं असतं. झोपेतून श्वासासाठी उठून बसावं लागणं ही हृदय थकल्याची खूण आहे, हे राउंडमधल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण रात्री काय झालं हे मावशींना कोणी विचारत नाही, आणि न विचारता बोलायचं नाही हे त्या फार पूर्वी शिकलेल्या असतात.

भाषेच्या बाबतीत तर हे नुकसान रोज होतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसच्या १५ टक्के आणि पदव्युत्तरच्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे ओपीडीत बसलेला तरुण डॉक्टर केरळचा असतो, राजस्थानचा असतो, बिहारचा असतो. हे चांगलंच आहे. त्याच्या समोर मात्र वेल्ह्याहून पहाटेच्या एसटीनं आलेली आजी असते, किंवा मराठवाड्यातून येऊन कात्रजच्या बाजूला बांधकामावर राहणारी बाई असते. पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास असतात. त्यातून ‘नाव काय’, ‘कुठे दुखतंय’ एवढं येतं. पण आपला पेशंट नुसतं ‘दुखतंय’ म्हणून थांबत नाही. पोटात कळ येते. गळू ठणकतं. कमरेतून पायात चमक जाते. जुलाब होताना मुरडा पडतो. छातीत जळजळतं, नाहीतर छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. यातल्या एकेका शब्दामागे निदान वेगळं आहे. कळ म्हटलं की दुखणं लाटेसारखं येऊन जातंय, आणि ठणका म्हटलं की आत पू धरलाय, हे मराठी कानाला वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्याच दवाखान्यात घडलेली गोष्ट. शिकाऊ डॉक्टर हुशार, हिंदी पट्ट्यातला. एक आजी म्हणाल्या, ‘घाबरं घाबरं होतंय रे बाळा.’ त्यानं मनातल्या मनात हिंदी केलं आणि केसपेपरवर लिहिलं की पेशंटला भीती वाटते, चिंतेचा त्रास असावा. रिसेप्शनवरच्या ताईंनी आजींना नाव नोंदवतानाच पाहिलं होतं. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, आजी भ्यायल्या नाहीत. घाबरं होतंय म्हणजे जीव कासावीस होतोय. त्यांना घाम बघा किती फुटलाय.’ ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. अर्ध्या तासात आजी मोठ्या रुग्णालयात पोचल्या आणि वाचल्या.

बायकांची दुखणी तर शिकाऊ डॉक्टरपर्यंत धड पोचतच नाहीत. समोर पंचविशीतला मुलगा बसलेला असला की बाई ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणून थांबते. अंगावरून पांढरं जातं, पाळी चुकली, दिवस गेलेत, हे ती दाराशी उभ्या असलेल्या मावशींच्या कानात सांगते. ‘दिवस गेलेत’ याचा शब्दशः अर्थ लावला तर काहीच कळत नाही, आणि ते न कळता एक्स-रे काढला किंवा भलतं औषध दिलं तर नको ते होऊन बसतं. ही माहिती डॉक्टरपर्यंत पोचवणं हे वैद्यकीय कामच आहे. आपण त्याला ‘मावशींनी सांगितलं’ म्हणतो आणि कुठे नोंदवत नाही.

आता एक गोष्ट लिहिते, जी लिहायला मला बरीच वर्षं लागली. इंटर्नशिपमध्ये एका रात्री मी पाठोपाठ दहा-बारा पेशंटचं रक्त घेतलं. त्यातली एक सुई ट्रेमध्ये कापसाखाली राहिली. सकाळी मावशी ट्रे धुवायला घेऊन गेल्या आणि ती त्यांच्या बोटात गेली. त्यांनी बोट नळाखाली धरलं, पदर गुंडाळला आणि पुढच्या कामाला लागल्या. मला दुपारी कळलं. पेशंट शोधून काढला, तपासण्या केल्या, सुदैवानं काही निघालं नाही. पण त्या धावपळीत मला समजलं की हिपॅटायटिस बीची लस मला पहिल्याच वर्षी मिळाली होती, आणि त्या मावशींना अकरा वर्षांच्या नोकरीत एकदाही मिळाली नव्हती. सुई माझी होती आणि बोट त्यांचं.

एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याचा धोका साधारण ०.३ टक्के असतो. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा धोका त्याच्या कित्येक पट असतो, तो ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. हे प्रत्येक इंटर्नला माहीत असतं. ज्यांचे हात दिवसभर कचऱ्याच्या पिशव्यांत असतात, त्यांच्यातल्या कितींना कोणी बसवून हे सांगितलेलं असतं? कायद्यात याबद्दल काही संदिग्ध नाही. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचं, आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वातासकट लसीकरण करायचं. ‘प्रत्येकाला’ यात कंत्राटावरची माणसंही आली.

पण कंत्राटापाशीच सगळं अडतं. लसीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. ठेकेदार बदलतो, माणसं बदलतात, वॉर्ड बदलतात, तिसरा डोस राहून जातो. बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, जंबो सिलिंडरची चावी कुठे असते आणि ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी किती भरायचं, कुठल्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक रात्री गायब होतात, हे सारं चार-पाच वर्षं एकाच वॉर्डात काढल्यावर अंगी मुरतं. ठेका संपला की ते माणसासोबत फाटकाबाहेर जातं. पूर्वी सरकारी रुग्णालयात चतुर्थ श्रेणीची नोकरी कायम असायची. तिच्यात दोष पुष्कळ होते, पण वॉर्डाला आठवण असायची. नव्या इंटर्नला शिकवणारा माणूसच जर त्याच्याइतका नवा असेल, तर दोघंही एकमेकांच्या चुका शिकतात. खर्च वाचला म्हणून ठेका देणाऱ्यांनी हा खर्च कधी मांडलेला मला दिसला नाही.

माझे काही स्नेही यावर चिडतात. ‘आधीच ठिकठिकाणी वॉर्डबॉय टाके घालतात, कंपाउंडर सुया देतात. त्यांना तू शिक्षक म्हणालीस तर उद्या ते डॉक्टर होऊन बसतील.’ ही भीती खोटी नाही. असे प्रकार घडतात, पेशंट जिवाला मुकतात, आणि त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण हे घडतं कुठे? ज्या ठिकाणी डॉक्टर रात्री हजर नसतो आणि कोणी काय करायचं, काय करायचं नाही, हे कुठेही लिहिलेलं नसतं, तिथे. टीममधल्या प्रत्येकाचं काम आखून दिलं की त्याची हद्दही आखली जाते. मामांनी मला लॉग रोल शिकवला, म्हणून ते मणक्याचं निदान करायला लागले नाहीत. उलट, ‘आता पुढचं तुमचं’ म्हणून ते बाजूला झाले. हद्द त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत होती.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण तो पेशंटकडून येतो. व्हीलचेअरसाठी पैसे मागितले जातात. मुलगा झाला म्हणून सांगायला आलेली व्यक्ती हात पुढे करून उभी राहते. बोलणं उर्मट असतं. हे सगळं खरं आहे आणि पगार कमी आहे म्हणून ते माफ होत नाही. मी एवढंच म्हणते की शिकाऊ डॉक्टर हेही पाहत असतो. तो गप्प राहतो, कारण त्याला वाटतं हा प्रशासनाचा प्रश्न आहे, आपला नाही. टीम एक आहे असं मानलं तर मामांनी पेशंटकडून घेतलेल्या शंभर रुपयांची लाज डॉक्टरलाही वाटायला हवी, आणि डॉक्टरनं पेशंटवर ओरडल्याचं मामांनी त्याला तोंडावर सांगायला हवं. आज दोघंही एकमेकांकडे काणाडोळा करतात आणि त्यालाच आपण सलोखा समजतो.

या प्रश्नाला जातीचा पदर आहे आणि तो झाकून पुढे जाता येणार नाही. रुग्णालयात लादी कोण पुसतं, रक्तानं भरलेल्या चादरी कोण उचलतं, शवागारात कोण उभं असतं, हे आपल्याकडे अजूनही पुष्कळदा जन्मावरून ठरतं. ‘मामा’, ‘मावशी’ ही हाक प्रेमाची आहे, मी ती आजही मारते. पण त्या हाकेमुळे एक सोय होते, माणसाचं नाव विचारावंच लागत नाही. माझ्या कार्डावर सह्या केलेल्या प्रत्येक सरांचं नाव मला आठवतं. ज्या मामांनी माझं मनगट धरलं, त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

आणि हे पुण्यात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. १८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंत फुल्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. डॉक्टर ते होते. पेशंटला दवाखान्यापर्यंत आणण्याचं काम सावित्रीबाईंचं होतं. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा पाठीवर घेऊन त्या चालत आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आजच्या भाषेत त्या दवाखान्याच्या सपोर्ट स्टाफ होत्या. पुढे याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वढूला, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी गावातल्या साध्या माणसांना आरोग्याचं काम शिकवून उभं केलं. त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून याच वाटेनं काम केलं. शाळा न पाहिलेल्या, गावकुसाबाहेरच्या बाया तिथे आरोग्यसेविका झाल्या आणि पुढे बाहेरून शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी शिकवलं. हे सगळं आपल्या दाराशी घडलेलं आहे. आपण ते खेड्यापुरतं ठेवलं. शहरातल्या मोठ्या इमारतीत लिफ्टपाशी उभ्या असलेल्या मावशींना ते लागू आहे, असं आपल्याला वाटलं नाही.

नवे कायदेही त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये झालेल्या कायद्यात किमान २००० तासांचा अभ्यासक्रम केलेलाच माणूस धरला जातो. तंत्रज्ञांसाठी ते योग्यच आहे. पण ज्याच्या हाती असा कागद नाही, तो वीस वर्षांच्या अनुभवानंतरही कायद्याच्या दृष्टीनं केवळ मजूर राहतो. परस्परांकडून शिकण्याचा जो आराखडा जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये मांडला, तोही बोलतो वेगवेगळ्या व्यवसायांबद्दल. हे काम कोणाच्याच लेखी व्यवसाय नाही.

काय करता येईल? ऑपरेशन थिएटरनं एक वाट आधीच दाखवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया तपासणी यादीत चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. ते काही फक्त नाव सांगितल्यामुळे झालं नाही, यादीत बाकीही बरंच होतं. पण नाव सांगितलेला माणूस पुढे काही चुकतंय असं दिसलं तर तोंड उघडतो, हे मी अनुभवलेलं आहे. मग वॉर्डात नव्या पोस्टिंगच्या पहिल्या सकाळी हे का करू नये? पाच मिनिटं लागतात. कचऱ्याच्या प्रशिक्षणाला इंटर्न आणि सफाई कामगार एकाच खोलीत बसवावेत, आणि पिशव्यांत काय काय सापडतं ते कामगारांनी दाखवावं. लाल पिशवीत निघालेली सुई स्वतः पाहिलेला इंटर्न ती चूक पुन्हा सहजी करणार नाही. ठेका देताना अटींत लिहावं की ठेकेदार बदलला तरी वॉर्डातली माणसं बदलणार नाहीत आणि लसीची नोंद माणसाच्या नावावर राहील.

माझ्या दवाखान्यात येणारा शिकाऊ डॉक्टर पहिले दोन दिवस माझ्या खोलीत बसत नाही, ताईंच्या टेबलाशी बसतो. केसपेपर काढतो, नाव पुकारतो, मधुमेहाच्या गोळ्या न्यायला न आलेल्यांना फोन करतो. तीन मजले चढून धापा टाकत आलेल्या माणसाला पाणी आधी द्यायचं की पैसे आधी मागायचे, हे त्याला तिथे कळतं. काहींना सुरुवातीला कमीपणा वाटतो. एकानं तर कॉलेजात तक्रार केली होती, माझ्याकडून क्लार्कचं काम करून घेतात म्हणून. त्याला मी समोर बसवून घाबरं होणाऱ्या आजींची गोष्ट सांगितली. त्याला ती पटली की नाही मला माहीत नाही, पण तो सोडून गेला नाही.

या दोन दिवसांचे मी ताईंना वेगळे पैसे देते, कारण त्यांचं रोजचं काम त्यात मागे पडतं आणि रात्री उशिरापर्यंत बसून त्या ते पुरं करतात. शेवटी त्या मुलाबद्दल काय वाटलं ते मी त्यांना विचारते. गेल्या खेपेला त्या म्हणाल्या, ‘पेशंटच्या डोळ्यात बघून बोलतो. म्हाताऱ्यांना हात देतो. पण सुई टोचल्यावर कापूस टेबलावरच ठेवतो, तीनदा सांगितलं.’ माझ्या शेऱ्यापेक्षा हा शेरा त्या मुलाच्या जास्त उपयोगाचा होता.

शिकाऊ डॉक्टरच्या कामाची नोंद ज्यात होते त्या लॉगबुकात यासाठी एक पान वाढवावं, एवढी विनंती मी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला करते आहे. तोपर्यंत ताई सांगतात ते मी कागदावर उतरवते, त्याखाली त्या आपलं पूर्ण नाव लिहून सही करतात, आणि तो कागद मी लॉगबुकाला जोडून कॉलेजकडे पाठवते.